साबणाचा ऑनलाइन क्लास: साबण शिकले, धंद्याचं गणित मात्र स्वतःच मांडावं लागलं

5 पैकी साडेतीन स्टार.

दोन वर्षं हौसेने घरी साबण करतेय, कोणाला ना कोणाला वाटत असते, मग सगळे म्हणायला लागले की अगं विकत का नाहीस, आणि त्याच भरात हा क्लास लावला. नाव मुद्दाम टाकत नाही, कारण शिकवणाऱ्या ताई जीव तोडून शिकवतात. पण जाहिरातीतलं "पहिल्याच महिन्यात पहिली ऑर्डर" हे मला अजून पटलेलं नाही. कोल्ड प्रोसेसची, म्हणजे साबण न शिजवता केलेली वडी नीट मुरायलाच 4 ते 6 आठवडे लागतात, मग पहिल्या महिन्यात विकायचं काय, ओला साबण?

आधी चांगलं सांगते. कॉस्टिकचा (कॉस्टिक सोडा, ज्याने तेलाचा साबण होतो) भाग एकदम झकास. पाण्यात कॉस्टिक टाकायचं, कॉस्टिकवर पाणी कधीच नाही, गॉगल आणि हातमोजे घातल्याशिवाय डबा उघडायचा नाही, अ‍ॅल्युमिनियमचं भांडं लांबच ठेवायचं कारण त्याची कॉस्टिकशी रिअ‍ॅक्शन होऊन हायड्रोजन सुटतो, हे सगळं करून दाखवतात. हिशोबही पक्का करून घेतात. एक किलो तेलात 300 ग्रॅम खोबरेल, 600 ऑलिव्ह, 100 एरंडेल धरलं तर 5 टक्के सुपरफॅटला (म्हणजे तेवढं तेल साबण न होता मुद्दाम उरू द्यायचं) साधारण 141 ग्रॅम कॉस्टिक बसतं, आणि खोबरेल-ऑलिव्हची अदलाबदल केली की तेच 155 च्या आसपास जातं. हे 155 चुकून पहिल्या मिश्रणात पडलं तर साबण अंगाला लावायच्या लायकीचा राहत नाही. मी आधी तेलं अंदाजाने बदलायचे, आता आठवलं तरी काटा येतो अंगावर.

आता धंद्याचा भाग. कॉस्टिंगच्या शीटमध्ये तेल, कॉस्टिक, सुगंध, खोका एवढंच, आपले तास कुठेच नाहीत, बिघडलेली बॅच नाही, ट्रायलला फुकट दिलेल्या वड्या नाहीत. माझी एक बॅच सुगंध घातल्या घातल्या भांड्यातच दगड झाली (फुलांचे काही सुगंध असं करतात), ती कोणाच्या खात्यात टाकू? आणि मुरण्याचा हिशोब तर शीटमध्ये नाहीच. आठवड्याला 50 वड्या विकायच्या आणि 6 आठवडे मुरवायच्या म्हटलं तर कायम 300 वड्या फळीवर पडून पाहिजेत, म्हणजे तेवढी जागा, तेवढी हवा आणि तेवढे पैसे अडकलेले. हा आकडा मी स्वतः वहीत मांडला, क्लासमध्ये कोणी काढला नाही.

वजनाचंही तसंच. 100 ग्रॅमची कापलेली वडी वाळून 90 च्या आसपास येऊ शकते. ताईंचं लेबल 100 चंच! मी मुरल्यावर पुन्हा तोलते आणि त्यातल्या सगळ्यात हलक्या वडीचं वजन छापते.

आणि ते लेबलवर "केमिकल-फ्री" लिहा म्हणून सांगणं. ज्या क्लासचा पहिला अख्खा धडा कॉस्टिकवर आहे तिथेच हे, हसू आलं मला. शेवटी साबणात ते उरत नाही हे खरं, पण म्हणून वापरलंच नाही असं कसं म्हणणार? "पुरळ घालवतो" वगैरे तर चुकूनही छापू नका, बऱ्याच देशांत असा दावा केला की तुमचा साबण कायद्याने औषध ठरतो आणि नियमच बदलतात. यावर एक तास तरी हवा होता, पाचच मिनिटांत उरकलं.

ग्रुपवर प्रश्न टाकला की उत्तर येतं, तेही सविस्तर, फक्त दोन दिवसांनी. मी विचारलं होतं "ट्रेस फार पटकन येतोय, काय करू?" (ट्रेस म्हणजे ढवळताना मिश्रण घट्ट व्हायला लागणं), उत्तर आलं तोवर त्या साबणाच्या वड्या पाडून झाल्या होत्या.