छोट्या डिझायनर्सकडचे कपडे आणि दागिने: भरपूर वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

हा रिव्ह्यू एकाच वस्तूचा नाहीये. एकट्यानं किंवा दोघातिघांत काम करणारे, स्वतःच डिझाइन करून स्वतःच बनवणारे जे डिझायनर असतात, त्यांच्याकडून मी आजवर जे घेतलं त्या सगळ्याचा आहे. म्हणजे एक चांदीची अंगठी, पितळेचं एक कडं, कानातल्यांचे दोन जोड, एक उरेब कापलेला ड्रेस आणि एक शर्ट. सगळं रोज वापरते, जपून ठेवलेलं काही नाही, त्यामुळे घासलं गेलंय, धुतलं गेलंय, एक वस्तू तर दुरुस्तीला जाऊन आलीय. नावं देत नाहीये कारण मला कुणाची जाहिरात करायची नाहीये, अशा वस्तू घेताना काय बघायचं ते सांगायचंय.

या सगळ्यांच्या पॅकेटमधे एक छोटं कार्ड येतं, त्यावर त्यांचा विचार लिहिलेला असतो. निसर्गातून प्रेरणा, स्लो फॅशन, अपूर्णतेतलं सौंदर्य, हाताची ऊब वगैरे. वाचायला छान वाटतं पण चार कार्डं शेजारी ठेवली तर कुठलं कुणाचं ते ओळखता येत नाही, आणि खरं सांगायचं तर कार्ड बघून वस्तूबद्दल काहीच कळत नाही. म्हणून मी आता घ्यायच्या आधी सरळ विचारते, की तुम्ही काय करत नाही? कुठल्या कामाला नाही म्हणता? ज्यांच्याकडे याचं चटकन उत्तर असतं आणि त्या नकारापायी ज्यांनी गिऱ्हाईकं सोडलेली असतात, त्यांचं काम माझ्या अनुभवात तरी हमखास चांगलं निघालंय. जे म्हणतात आम्ही सगळंच करून देतो, तिथं मी थांबते.

अंगठीपासून सुरू करते कारण ती सगळ्यात आवडती आहे. ९२५ चांदी, म्हणजे ९२.५ टक्के चांदी आणि बाकी बहुतेक तांबं, कारण शुद्ध चांदी इतकी मऊ असते की रोज घालायच्या अंगठीचा आकारच राहणार नाही. जिनं बनवली ती सांगते की मी चांदीवर रोडियम या पांढऱ्या धातूचा मुलामा देत नाही, कुणी कितीही मागितला तरी. बाजारातल्या बऱ्याच चांदीवर हा मुलामा असतो, त्यामुळे ती काळवंडत नाही आणि पांढरीशुभ्र चमकते, पण अंगठी हाताला सतत घासली जाते, मग कडेनं मुलामा उडतो आणि तिथं वेगळा, मधे वेगळा असा रंग दिसायला लागतो, आणि परत मुलामा द्यायचा तर घरी जमत नाही. माझी अंगठी काळवंडते. हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर बसतो, तो काही कुणाला चुकत नाही. पण तिनं ठोक्याच्या खुणा अशा ठेवल्यात की काळेपणा खोलगट भागात साचतो आणि वरचे उंचवटे बोटांच्या वापरानंच उजळत राहतात, म्हणजे जे एरवी तक्रारीचं कारण झालं असतं तेच तिनं डिझाइनमधे धरून घेतलंय!! आणि ठोकण्याचा आणखी एक फायदा असतो, हातोडीनं ठोकलं की धातू कडक होतो, त्यामुळे पट्टी बारीक असूनही अजून गोल आहे, वाकलेली नाही. आत बोटाला लागणारा भाग कानशीनं घासून इतका गुळगुळीत केलाय की अंगठी घातलीय हे विसरायला होतं. वरून सगळेच पॉलिश करतात हो, आतून कुणी किती वेळ दिलाय ते बघा.

पितळेच्या कड्याची गोष्ट वेगळी. तो डिझायनर सोल्डर, म्हणजे वितळवून जोड सांधायचा धातू, लावत नाही, तारा वाकवून, ठोकून, एकात एक गुंतवून किंवा रिव्हेट मारून जोडतो. हा विचार त्याचा एकट्याचा नाही, तो स्वतःच सांगतो की हे अलेक्झांडर काल्डरकडून आलं. काल्डर म्हणजे हलत्या शिल्पांसाठी प्रसिद्ध असलेला अमेरिकन शिल्पकार, १८९८ ते १९७६. त्यानं आयुष्यभरात साधारण १८०० दागिने बनवले, बरेचसे पितळेच्या आणि चांदीच्या तारेचे, हातानं ठोकलेले, आणि जोडकामात सोल्डर शक्यतो टाळलेलं. सोल्डर नसला की जोड लपवता येत नाही, मग जोडच सुंदर करावा लागतो. माझ्या कड्यात ते दिसतं, तारेचं टोक जिथं संपतं तिथं ती वळून एक छोटी गोल चकती होते आणि तीच सगळं धरून ठेवते. किती साधं! पण कडं परफेक्ट नाहीये, ती चकती स्वेटरच्या धाग्यात अडकते, दोनदा धागा ओढला गेला, आणि उन्हाळ्यात घामानं मनगटावर हिरवट डाग पडतो कारण पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, त्यातल्या तांब्याचे क्षार होतात. साबणानं जातो, त्रास काही नाही, पण विकताना हे सांगायला हवं होतं असं मला अजूनही वाटतं. काहीजण अशा पितळेवर आतून लाखेसारखा पारदर्शक थर देतात, यानं नाही म्हटलं, कारण तो थर नंतर टवके उडाल्यासारखा निघतो. ठीक आहे, पटतं, पण आधी सांगा.

कानातल्यांमधे एक जोड उत्तम आणि एक वाईट. वाईटाचं आधी सांगून टाकते. हातानं घडवलेलं, सोन्याचं व्हर्मेल असं लिहिलं होतं, आणि थोड्याच दिवसांत दांडीजवळचं सोनेरी उडून आतलं लालसर पिवळं दिसायला लागलं. व्हर्मेल म्हणजे चांदीवर सोनं, अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे तो थर निदान २.५ मायक्रॉन जाडीचा लागतो, आणि इथं आत चांदीच नव्हती. शिवाय नंतर तस्सेच तुकडे होलसेलच्या साइटवर किलोच्या भावात दिसले, म्हणजे डिझाइनही त्यांचं नव्हतं आणि हातही नव्हता, फक्त कार्ड त्यांचं होतं. याचा मला खरंच राग येतो, कारण जी माणसं मेणात एकेक नमुना कोरतात, त्याच्याभोवती प्लास्टरचा साचा करतात, भट्टीत मेण जाळून त्या पोकळीत धातू ओततात आणि मग तासन् तास कानस चालवतात, त्यांचं गिऱ्हाईक हे लोक पळवतात. तेव्हापासून मी बनवतानाचे फोटो मागते, अर्धवट झालेल्या वस्तूचे. खरा बनवणारा ते आनंदानं पाठवतो, बरेचदा नको इतके पाठवतो.

चांगला जोड ज्या बाईंकडचा, त्यांचा नकार निकेलला आहे. कानात जाणारी दांडी एकतर टायटॅनियमची नाहीतर सोन्याची, तिसरा पर्याय नाही. निकेलची ॲलर्जी खूप जणांना असते, युरोपात १९९४ पासून त्यावर बंधनं आहेत आणि आता टोचलेल्या कानात जाणाऱ्या दांडीतून आठवड्याला दर चौरस सेंटीमीटरमागे ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटलेलं चालत नाही. बाई हे सगळं तोंडपाठ सांगतात. त्यांचं डिझाइन तसं शांत आहे, लांबून कुणाच्या लक्षातही येणार नाही, पण वजन इतकं नेमकं तोललंय की लटकन पुढे कलत नाही आणि दिवसभर घालून कान ओढल्यासारखा होत नाही. दुरुस्तीला गेलेली वस्तू हीच. एक फिरकी ढिली झाली होती, त्यांनी दोन्ही बदलून दिल्या आणि सोबत जोड स्वच्छही करून पाठवला, पैसे घेतले नाहीत.

इथं एक आठवलं ते सांगते, कारण दागिना म्हणजे काय यावर मला यापेक्षा धारदार काम माहीत नाही. ओटो क्युन्झ्ली नावाच्या स्विस दागिनेकारानं १९८० मधे एक बांगडी केली, काळ्या रबराची, आत सोन्याचा गोळा. बाहेर फक्त फुगवटा दिसतो. सोनं खरंच आहे का ते बघायचं तर रबर कापावं लागणार, म्हणजे वस्तूच मोडणार, नाहीतर विश्वास ठेवायचा. छोट्या डिझायनरकडून घेताना आपण रोज हेच करतो ना? आतलं दिसत नाही आणि बनवणाऱ्याच्या शब्दावर घेतो, म्हणून तो शब्द खोटा निघाला की नुसते पैसे गेल्याचं दुःख नसतं.

आता कपडे. ड्रेस उरेब कापलेला आहे, म्हणजे कापड उभ्या-आडव्या धाग्याला ४५ अंशात तिरकं ठेवून कापलेलं, त्यामुळे साधं विणलेलं कापडही थोडं ताणलं जातं आणि अंगावर पाण्यासारखं पडतं. हे तंत्र पूर्ण पोशाखासाठी ज्यांनी टोकाला नेलं त्या फ्रेंच डिझायनर मादलेन व्हियोने, त्यांनी पॅरिसमधे १९१२ ला स्वतःचं फॅशन हाऊस काढलं, आधी अर्ध्या मापाच्या लाकडी बाहुलीवर कापड टाकून बघायच्या आणि नकला होऊ नयेत म्हणून कपड्याच्या लेबलवर स्वतःच्या अंगठ्याचा ठसा द्यायच्या. माझ्या डिझायनरची तीच दैवत आहे आणि तिचा नकार झिपला आहे. सगळ्या ड्रेसला कुठंच चेन नाही, डोक्यातून घालायचा आणि तो आपोआप कमरेवर बसतो. घातल्यावर जो आनंद होतो तो मी लिहून सांगू शकत नाही, खरंच. पण उरेब कापडाला दोन अडचणी असतात, एक म्हणजे कापड जास्त लागतं आणि कोपऱ्याचे तुकडे वाया जातात, तिनं त्याच तुकड्यांची गोट करून गळ्याला आणि बाहीला लावलीय, तरी काही उरतंच. दुसरी म्हणजे घेर लोंबतो, कुठं कमी कुठं जास्त. ती ड्रेस कापल्यावर काही दिवस टांगून ठेवते आणि मगच खालची कड सारखी करून हातानं तुरपाई घालते, म्हणून उशीर लागतो. तरीही पहिल्या काही धुण्यांनंतर माझा डावीकडे किंचित उतरलाच. हँगरवर ठेवू नका, घडी करून ठेवा, हे कार्डवर लिहायला हवं होतं, प्रेरणेच्या ऐवजी.

शर्टवाल्या जोडीचा विचार बरोबर उलटा, तिरकं काहीच नाही, सगळे तुकडे चौकोन आणि आयत, पन्ह्याच्या कडेपासून कडेपर्यंत एकमेकांना चिकटून बसवलेले, म्हणजे कापताना कापड जवळजवळ वायाच जात नाही. काखेत चौकोनी तुकडा बसवलाय म्हणून हात वर केला तरी शर्ट वर ओढला जात नाही. हे ऐकायला सोपं वाटतं पण चौकोनांतून खांदा चांगला बसवणं फार अवघड असतं, आणि इथं तो पूर्ण जमलेला नाही, मानेच्या मागे थोडं कापड गोळा होतं. आतून मात्र बघण्यासारखा आहे, प्रत्येक शिवण दुमडून बंद केलेली, कापडाच्या कडा बांधणाऱ्या ओव्हरलॉक मशीनची एक टीप नाही, आणि बाजूच्या शिवणीत भरपूर माया सोडलीय, वजन वाढलं तर उसवून मोठा करता येईल. कापड वाचवायचं हे ज्यांचं ब्रीद, त्यांनी माया सोडायला कंजुषी केली नाही, मला ही गोष्ट सगळ्यात आवडली.

महाग आहे का? हो, आहे. एकाच नमुन्याचे हजार नग करणाऱ्याला कापड, बटणं, धातू सगळं स्वस्त पडतं, पाच नग करणाऱ्याला नाही, आणि या माणसांचा वेळ आपण पहिल्यांदाच पूर्ण किमतीत मोजतो म्हणून आकडा मोठा दिसतो. ज्यांना लग्नाला परवा घालायचंय त्यांनी यांच्या वाटेला जाऊ नये, सगळ्यांनीच सांगितलेल्या तारखेपेक्षा उशीर केला, फक्त कानातल्यांच्या बाई वेळेत.

माझे मार्क: अंगठीला पाचपैकी पाच. कानातल्यांना, म्हणजे चांगल्या जोडाला, पाच. ड्रेसला साडेचार, अर्धा त्या उतरलेल्या घेराचा गेला. कड्याला साडेतीन, बघायला अप्रतिम पण स्वेटरवर घालवत नाही. शर्टला चार, आणि तोच दुसऱ्या रंगात परत सांगून ठेवलाय, या वेळी मानेमागे एक छोटी चूण घालून देतो म्हणालेत आणि बाही मी दोन बोटं लांब मागितलीय.