आठ महिने ई-रीडर: एपबचं सुख, पीडीएफचा घाम

फेब्रुवारी २०२५ मध्ये अ‍ॅमेझॉनने विकत घेतलेलं किंडल पुस्तक संगणकावर उतरवून घ्यायची सोय बंद केली, तेव्हाच ठरवलं, पुढचा ई-रीडर, म्हणजे पुस्तकं वाचायचं यंत्र, एका दुकानाला बांधलेला नको. मराठी वाचणाऱ्याची पुस्तकं एका जागी असतात तरी कुठे? काही बुकगंगाच्या अ‍ॅपमध्ये, काही ई साहित्य प्रतिष्ठानच्या फुकट पीडीएफ, उरलेली संगणकात वर्षानुवर्षं पडलेली. कोबो कंपनीच्या रीडरवर एपब, म्हणजे ई-पुस्तकांची नेहमीची फाइल, थेट उघडतं, पण बुकगंगासारखी अ‍ॅप टाकता येत नाहीत. म्हणून अँड्रॉइडवाला सहा इंची घेतला.

एपब असेल तर चैन आहे. अक्षर वाढवलं की ओळी आपोआप नव्याने लागतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून अण्णा एवढं मोठं अक्षर ठेवतात की पानावर जेमतेम सात ओळी मावतात. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२ च्या पुढे, त्यात लाइट गेलेली. पंखा नाही म्हणून ते गॅलरीत येऊन बसायचे. त्या उजेडात मोबाइलचा आरसा होतो, याच्यावरची अक्षरं उलट जास्त ठळक दिसतात.

पीडीएफने मात्र घाम काढला. ए-फोरचं पान सहा इंचात म्हणजे मुंग्यांची रांग. कॅलिबर या फाइली बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमधून एपब करायला गेलो तर श्रीलिपीत टाइप केलेल्या एका जुन्या फाइलचं पहिलंच वाक्य डॉलर, कंस आणि इंग्रजी अक्षरांचा भुगा होऊन आलं. फाइल चांगली होती. त्या जुन्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागीच मराठी आकार बसवलेले असतात. फाँट गेला की सोंग उतरतं. स्कॅन केलेली पुस्तकं तर नुसती चित्रंच. शेवटी केओरीडर हे वाचायचं अ‍ॅप टाकलं. त्याचं रीफ्लो चित्रातले शब्दसुद्धा सुटे करून मोठ्या ओळींत लावतं. पान उलटायला वेळ लागतो, पण वाचता येतं.

बॅटरी वायफाय चालू असेल तर पाच-सहा दिवस. महिनाभराची आशा धरू नका, आत अँड्रॉइड आहे.

घेण्याआधी आपल्याच तीन फाइली दुकानात नेऊन उघडून बघा: एक एपब, एक जुनी पीडीएफ, एक स्कॅन. मी बघितल्या असत्या तर आठ इंची घेतला असता. परवा तसं म्हणालो, तर अण्णांनी मान वर न करताच सांगितलं, "घे की. हा माझ्याकडेच असतो की."