मतदानानंतर पैसा कुठे दिसतो? ‘डेसिडिम’ या नागरी सहभागाच्या साधनाचे परीक्षण

शहराचे अंदाजपत्रक बहुतेक ठिकाणी सर्वांसाठी खुले असते, पण ते वाचून आपल्या गल्लीतल्या पदपथासाठी किती तरतूद झाली आणि त्यातली किती रक्कम खरोखर खर्च झाली, हे सामान्य रहिवाशाला सांगता येत नाही. ही अडचण दूर करण्याचा प्रयत्न करणाऱ्या संगणकीय साधनांमध्ये ‘डेसिडिम’चे स्थान मोठे आहे. बार्सिलोना नगरपालिकेने २०१६ मध्ये ते सुरू केले आणि त्याची संगणकीय संहिता (सोर्स कोड) मुक्त परवान्याखाली खुली ठेवली. त्यामुळे कोणत्याही शहराला परवाना शुल्क न भरता ते वापरता येते. हेल्सिंकी, न्यूयॉर्क आणि जपानमधील काकोगावा या परस्परांपेक्षा फार वेगळ्या शहरांनी ते स्वीकारले आहे. शहराच्या पैशाचा माग काढू पाहणाऱ्या रहिवाशाला हे साधन किती उपयोगी पडते, एवढाच प्रश्न समोर ठेवून मी हे परीक्षण लिहीत आहे.

सुरुवातीचा भाग उत्तम आहे, आणि त्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. शहराच्या निधीच्या राखून ठेवलेल्या भागातून कोणती कामे व्हावीत, याचा रहिवासी प्रस्ताव मांडतो, इतर जण त्याला पाठिंबा देतात, बाजूने किंवा विरोधात मत नोंदवतात, दुरुस्त्या सुचवतात. प्रत्यक्ष सभेत पुढे आलेली सूचनाही तिथे नोंदवता येते, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते, कारण ज्यांच्या हातात संगणक नाही त्यांचेही म्हणणे त्याच यादीत येऊ शकते. प्रक्रियेचे टप्पे आणि त्यांच्या तारखा आधीच जाहीर करता येत असल्याने आपण नेमके कुठे आहोत, हेही कळते.

खरी परीक्षा मतदानाच्या टप्प्यावर सुरू होते. प्रत्येक कामापुढे त्याचा अंदाजित खर्च लिहिलेला असतो आणि वर उपलब्ध एकूण रक्कम दिसते. एखादे काम निवडले की त्याची किंमत एकूण रकमेतून वजा होते आणि मर्यादा ओलांडता येत नाही. नगरपालिकेच्या लेखा विभागाला दरवर्षी करावी लागणारी ओढाताण मतदाराला इथे स्वतः अनुभवता येते: मोठे उद्यान घेतले तर तीन लहान कामे सोडावी लागतात. अंदाजपत्रक म्हणजे काय, हे समजावण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. हेल्सिंकीत बारा वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या रहिवाशांना हे मतदान करता येते, आणि तिथे निधीची वाटणी करताना शहराच्या विभागांची लोकसंख्या विचारात घेतली जाते.

तरीही मते मोजण्याच्या पद्धतीबाबत शहरांनी सावध राहावे. सर्वाधिक मते मिळालेली कामे पैसे संपेपर्यंत एकामागून एक मंजूर करायची, ही पद्धत सोपी असली तरी संघटित आणि दाट वस्तीच्या भागांना झुकते माप देते. पोर्टो अलेग्रे या ब्राझीलमधील शहराने १९८९ मध्ये सहभागी अंदाजपत्रकाची, म्हणजे निधी कुठे खर्चायचा हे ठरवण्यात रहिवाशांना सामील करून घेण्याची, सुरुवात केली, आणि त्या पद्धतीत कुठल्या भागात मूलभूत सुविधांची किती उणीव आहे, यालाही निधीवाटपात वजन देण्यात आले होते. पोलंडमधील व्येलिच्का शहराने २०२३ मध्ये वेगळी वाट धरली. तिथल्या मोजणीत उपलब्ध निधीचा समान वाटा प्रत्येक मतदाराच्या नावे धरला गेला आणि एखाद्या कामाचा खर्च त्याच्या समर्थकांच्या वाट्यांतून भागत असेल तरच ते मंजूर झाले. न्याय्य वाटपाचा हा प्रश्न कोणतेही साधन आपोआप सोडवत नाही. नियम शहरालाच ठरवावा लागतो आणि तो मतदानापूर्वी सोप्या भाषेत जाहीर व्हायला हवा.

आता सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे येतो. मतदान संपल्यावर मंजूर कामांसाठी ‘डेसिडिम’मध्ये उत्तरदायित्वाचा स्वतंत्र विभाग आहे. तिथे प्रत्येक कामाची स्थिती, सुरुवातीची व अखेरची तारीख, प्रगतीची टक्केवारी आणि घडामोडींचा क्रम नोंदवता येतो, शिवाय ते काम कोणत्या मूळ प्रस्तावातून आले हेही जोडता येते. सहभागाची बहुतेक साधने निकाल जाहीर करून थांबतात, म्हणून या विभागाचे मला मनापासून कौतुक वाटते. आपण सुचवलेला दिवा बसला की नाही, हे विचारण्यासाठी रहिवाशाला कार्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागू नयेत, ही साधी अपेक्षा इथे कुणीतरी गांभीर्याने घेतली आहे.

परंतु नेमक्या याच ठिकाणी पैसा दिसेनासा होतो. मतदानाच्या वेळी प्रत्येक कामाची रक्कम ठळकपणे समोर असते, तर अंमलबजावणीच्या नोंदीत केवळ टक्केवारी उरते. मंजूर तरतूद, निविदेतून ठरलेली रक्कम, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च शेजारी शेजारी मांडणारा तक्ता मूळ रचनेत नाही, आणि हे आकडे द्यायचे तर कर्मचाऱ्याला ते वर्णनात लिहावे लागतात. टक्केवारीही माणसानेच भरायची असते. काम साठ टक्के झाले, याचा अर्थ साठ टक्के बांधकाम झाले की साठ टक्के पैसे गेले, हे नोंदीवरून उमगत नाही. हिशेबाच्या दृष्टीने ही मोठी उणीव आहे, आणि संहिता खुली असल्यामुळे ती भरून काढणे शक्य असूनही शहरे तिच्याकडे पुरेसे लक्ष देत नाहीत, याचे वाईट वाटते.

आणखी एक मर्यादा साधनाची नसून त्याच्या वापराची आहे. मतदानासाठी ठेवलेला निधी शहराच्या एकूण खर्चाच्या तुलनेत फार लहान असतो आणि तोही बहुधा भांडवली, म्हणजे बांधकामासारख्या टिकाऊ, कामांसाठीच राखलेला असतो. वेतन, कर्जफेड, पाणीपुरवठ्याची देखभाल यांसारख्या मोठ्या खर्चांवर इथे चर्चा होत नाही. त्यांसाठी रहिवाशाने मूळ अंदाजपत्रक, वर्षअखेरचा ताळेबंद आणि लेखापरीक्षकाचा अहवाल हे तिन्ही दस्तऐवज एकत्र वाचायला हवेत, आणि शहराने त्यांचे दुवे याच संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर द्यायला हवेत.

या मर्यादा मान्य करूनही मी ‘डेसिडिम’ची शिफारस करतो, पण शहराने अंमलबजावणीच्या नोंदी ठेवण्यासाठी निश्चित कर्मचारी नेमलेला असेल, तरच. आपल्या शहरात अशी व्यवस्था आहे का, हे ओळखणे अवघड नाही. यंदाचे मत देण्यापूर्वी मागच्या फेरीतील मंजूर कामांचे पान उघडावे, एखाद्या कामाची शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे ते पाहावे आणि ती जुनी असेल तर प्रत्यक्ष खर्चाचा आकडा त्याच पानावर, सर्वांना दिसेल अशा प्रतिक्रियेतून, लेखी मागावा.