वाकलेला बंध हातात धरता येतो: रेणूंच्या मॉडेल संचाबद्दल

सेंद्रिय रसायन शिकवताना माझं घोडं नेहमी अडतं ते लहान वलयांपाशी. फळ्यावर सायक्लोप्रोपेनचा, म्हणजे तीन कार्बनांच्या वलयाचा, त्रिकोण काढला की मुलं '60 अंश' लिहून घेतात आणि पान उलटतात. कार्बनला तर दोन बंधांमध्ये 109.5 अंश हवे असतात, मग हा त्रिकोण जुळतो तरी कसा, हे कुणी विचारत नाही. म्हणून गोळे-काड्यांचा हा संच घेतला. त्यात ताठ काड्यांबरोबर लवचिक नळ्याही आहेत, आणि पैसे वसूल झाले ते त्या नळ्यांमुळे.

कार्बनच्या काळ्या गोळ्यांची भोकं नेमक्या चतुष्फलकीय, म्हणजे त्याच 109.5 अंशांच्या, कोनात पाडलेली आहेत. ताठ काड्यांनी तीन कार्बन जोडायला गेलं तर शेवटची काडी बसतच नाही. नळ्या घातल्या की वलय मिटतं, पण प्रत्येक नळी त्रिकोणाबाहेर फुगते. मी कोनमापक लावून पाहिला. गोळ्यांच्या केंद्रांमधला कोन 60 अंशच, पण नळी भोकातून निघते ती केंद्ररेषेपासून जवळजवळ 25 अंश बाहेर झुकून. खऱ्या रेणूतही असंच आहे! बंधातले इलेक्ट्रॉन दोन अणुकेंद्रांना जोडणाऱ्या सरळ रेषेच्या बाहेरच्या बाजूला एकवटलेले असतात. वाकलेल्या बंधाचं हे चित्र कूल्सन आणि मॉफिट या रसायनशास्त्रज्ञांनी 1940च्या दशकात मांडलं. त्यांच्या हिशेबात कार्बनच्या ऑर्बिटलांमधला (बंधातले इलेक्ट्रॉन जिथे वावरतात त्या जागांमधला) कोन साधारण 104 अंश, म्हणजे झुकाव 22 अंशांचा. प्लॅस्टिकची नळी याच्या इतकी जवळ पोचते हे पाहून मी खरंच हरखले.

मग अंतरं मोजायला व्हर्निअर कॅलिपर काढला. गोळ्याचा व्यास 18 मिलिमीटर. दोन गोळ्यांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजायचं आणि त्यातून एक व्यास वजा करायचा, की केंद्रांमधलं अंतर मिळतं. ताठ काडीचं भरलं 46 मिलिमीटर. ते कार्बन-कार्बनच्या नेहमीच्या एकेरी बंधाइतकं, म्हणजे 1.54 अँगस्ट्रॉम (अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग) धरलं, तर एक अँगस्ट्रॉम म्हणजे सुमारे 30 मिलिमीटर. त्रिकोणात हेच अंतर 43.5वर आलं, म्हणजे जेमतेम 1.46 अँगस्ट्रॉम. खरा बंध 1.51चा असतो. संच जरा जास्तच आखडतो, पण दिशा बरोबर दाखवतो: नळीची लांबी तीच, ती वाकली म्हणून केंद्रं जवळ आली.

चौकोनात मात्र संच फसवतो. सायक्लोब्युटेनमध्ये, म्हणजे चार कार्बनांच्या वलयात, नळ्या थोड्याच वाकतात आणि माप येतं 45.6, म्हणजे 1.53 अँगस्ट्रॉम. प्रत्यक्षात तो बंध 1.55चा, नेहमीपेक्षा लांब. समोरासमोरचे कार्बन एकमेकांना रेटतात म्हणून बाजू ताणल्या जातात, आणि हा रेटा गोळ्यांना कुठून कळणार? शिवाय हा चौकोन टेबलावर सपाट पडून राहतो. खरा रेणू कर्णावर दुमडलेला असतो आणि त्याचा कोन 90च्याही खाली, 88च्या आसपास जातो. रसायनशास्त्रज्ञ बायर यांनी 1885 साली वलयातल्या ताणाची (कोन 109.5पासून ढळल्यामुळे येणाऱ्या ताणाची) कल्पना मांडताना वलयं सपाटच धरली होती. त्यांची चूक समजावायला मी हा चौकोन आधी तसाच ठेवते, बाजूने बघायला लावते, शेजारशेजारच्या कार्बनांवरचे हायड्रोजन एकामागे एक लपलेले दाखवते, आणि मग बोटाने एक कोपरा उचलते. लपलेले हायड्रोजन सुटे होताना दिसले की दुमड का पडते ते वेगळं सांगावं लागत नाही.

एकाच कार्बनवरच्या दोन हायड्रोजनांमधला कोन मात्र तोंडीच सांगावा लागतो. भोकं पक्की असल्यामुळे सायक्लोप्रोपेनच्या CH₂मध्येही 109.5च दिसतात, खरे असतात 115.

सायक्लोप्रोपीनच्या, म्हणजे एक दुहेरी बंध असलेल्या त्रिकोणाच्या, वाटेला जाऊ नका. दुहेरी बंधासाठी दोन नळ्या शेजारी घातल्या तर तिसरा कोपरा 51 अंशांपर्यंत आवळावा लागतो. माझी एक नळी तिथेच टोकाला चिरली, दुसरी उडून कपाटाखाली गेली.

संचात लवचिक नळ्या फक्त सहा आहेत. त्रिकोण आणि चौकोन शेजारी ठेवून मोजायचे तर सात लागतात, आणि तेच तर मुलांना दाखवायचं असतं. सुट्या नळ्या मिळत असतील तर संचाबरोबरच मागवा, आणि तास संपला की वलयं सोडून ठेवा. रात्रभर वाकलेली राहिलेली नळी सकाळी सरळ होत नाही, मग मोजमापात मिलिमीटरभर फरक पडतो.