विद्युत परिपथाचा संच : दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंतच्या वापराचा अनुभव

मुलांनी घट (सेल), बल्ब, मोटर आणि स्विच वायरींनी जोडून विजेचे छोटे प्रयोग करावेत, यासाठीचा हा खेळण्यातला संच आहे. आमच्या कोल्हापुरातल्या राजारामपुरीतल्या घरी माझी मुलगी, पुतण्या आणि शेजारची मुले दिवाळीच्या सुट्टीपासून तो वापरत आहेत. मोटर, स्विच, बल्बहोल्डर यांपैकी काहीही आजवर बिघडलेले नाही. बिघडल्या त्या फक्त क्रोकोडाइल क्लिपच्या (टोकांना मगरीच्या जबड्यासारखे चिमटे असलेल्या) वायरी, आणि मला मुख्यतः त्यांच्याविषयीच लिहायचे आहे.

वायर बाहेरून धडधाकट दिसते. क्लिपवरची रंगीत टोपी मागे सरकवली की कळते की मोजक्या बारीक तारा आवरणावरून मागे दुमडून पत्र्यात नुसत्या दाबलेल्या आहेत, सोल्डरिंगचा डाग (वितळवलेल्या धातूने पक्का केलेला जोड) कुठेच नाही. मुले वायर ओढूनच काढतात, त्यामुळे काही आठवड्यांतच आतली पकड सैल होते आणि वायर कधी चालते, कधी चालत नाही. प्रौढ माणसाला हा किरकोळ दोष वाटेल, पण शिकणाऱ्या मुलासाठी तो सर्वांत वाईट दोष आहे, कारण चूक कुठे आहे हे त्याला दिसतच नाही. "काका, मी बरोबरच जोडलंय की, पण बल्ब लागंना," असे पुतण्या म्हणाला तेव्हा त्याची जोडणी खरोखरच निर्दोष होती. तरीही त्याने ती सगळी सोडवली आणि बरोबर उत्तर खोडून पुन्हा मांडायला घेतले. ज्या साधनामुळे मुलाचा स्वतःच्या विचारावरचा विश्वास उडतो, ते साधन कितीही स्वस्त असले तरी मला महाग वाटते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत शेवटची वायरही गेल्यावर कंपनीला कळवले. वायरी वॉरंटीत बसत नाहीत, त्या सुट्या मिळत नाहीत, पूर्ण संच पुन्हा घ्यावा, असे उत्तर आले. थोड्या रुपयांच्या तारांसाठी उत्तम स्थितीतली मोटर अडगळीत टाकायला सांगणे मला अजिबात पटलेले नाही.

तेव्हा संच कोणालाच सुचवायचा नाही असे मी ठरवले होते. नंतर शाहूपुरीतल्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून मऊ, बहुतारी वायर आणि सुट्या क्लिपा आणल्या, प्रत्येक टोकाला डाग दिला, आणि तेव्हापासून हाच संच मुलांच्या हातून सुटत नाही. दोन बल्ब एकसर, म्हणजे एकामागे एक, जोडले की दोन्ही मंद होतात आणि एक काढला की दुसराही विझतो, समांतर, म्हणजे प्रत्येकाला वेगळी वाट देऊन, जोडले की तसे होत नाही, हे आता दर वेळी तसेच घडते. म्हणून मुले त्यावर वाद घालू शकतात. कोणताही प्रयोग मांडण्याआधी प्रत्येक वायर वेगवेगळी घेऊन घट आणि बल्बाला लावून तपासायची, ही पद्धतही त्यांनी उचलली आहे.

बल्ब आणि एलईडी यांच्याबद्दलचे माझे मतही वायरींमुळेच बदलले. एलईडी टिकाऊ आणि कमी घट खाणारा, म्हणून तोच आधी द्यावा असे मला वाटत होते. पण टॉर्चचा २.५ व्होल्टचा बल्ब साधारण ०.३ अँपियर प्रवाह घेतो. वायरीच्या सांध्यात एक ओहम रोध (विजेला होणारा अडथळा) असला तरी तिथे ०.३ व्होल्ट खर्च होतात, आणि अशा तीन-चार वायरी लागल्या की बल्ब स्पष्ट मंदावतो. एलईडीला दहा-वीस मिलिअँपियर पुरतात, त्यामुळे त्याला त्याच वायरी चांगल्या वाटतात. म्हणजे सांधा खराब आहे हे बल्ब सांगतो आणि एलईडी झाकतो. शिवाय बल्बातली तार आणि तिची दोन टोके मुलांना डोळ्यांनी दिसतात. मात्र पेन्सिलीचे शिसे विजेचे वाहक आहे का हे पाहायचे असेल तर एलईडीच हवा, कारण बल्ब तिथे जेमतेम लालसर होतो किंवा लागतच नाही. कोरड्या कोल्हापुरी चपलेचे चामडे दोन्हींनी तपासून झाले. त्यातून वीज जात नाही.

घटांच्या बाबतीत काटकसर आणि सुरक्षितता एकाच बाजूला आहेत. साधे १.५ व्होल्टचे झिंक-कार्बन घट अल्कलाइनपेक्षा स्वस्त असतात, आणि त्यांचा अंतर्गत रोध जास्त असल्याने शॉर्टसर्किट झाले तर वायर तुलनेने कमी तापते. मोबाइलची जुनी बॅटरी आणि भिंतीतला २३० व्होल्टचा सॉकेट यांच्या जवळपासही हे प्रयोग होऊ देऊ नयेत. आपल्याकडच्या पावसाळ्यात सेलच्या डबीतल्या स्प्रिंगांना गंज चढतो. वापर झाला की घट काढून ठेवावेत आणि गंज दिसला तर पॉलिश पेपरने घासावा.

घरी सोल्डरिंग करणारे कोणी असेल तर संच जरूर घ्यावा. नसेल, तर खरेदीच्या वेळीच क्लिपची टोपी मागे सरकवून पाहावी आणि आत डाग दिलेला नसेल तर त्याच पैशांत सुटी मोटर, बल्बहोल्डर, स्विच आणि डाग दिलेल्या वायरी वेगवेगळ्या घ्याव्यात. सूचनापुस्तिकेतल्या चित्रांशिवाय त्यात काहीही कमी पडत नाही.