मुलीचे गोलकीपर पॅड: मुरमाच्या मैदानावरील आठ महिन्यांचा अनुभव

८ ऑगस्ट २०२४ रोजी भारताने पॅरिस ऑलिंपिकमध्ये हॉकीत स्पेनला २-१ असे हरवून कांस्यपदक मिळवले. भारताचा गोलकीपर श्रीजेशचा तो अखेरचा सामना पाहून माझ्या तेरा वर्षांच्या मुलीने गोलकीपरच व्हायचे असे ठरवले आणि दिवाळीनंतर आम्ही तिला पायांना बांधायचे फोमचे पॅड घेतले. पहिला जोड तीन आठवड्यांत बदलावा लागला, त्यामुळे हा अनुभव मुख्यतः दुसऱ्या जोडाचा आहे.

पहिल्या वेळी चूक माझीच झाली. शाळेचा गणवेश घेताना वाढते अंग म्हणून आपण थोडे मोठे माप घेतो, तोच हिशेब मी पॅडला लावला. दुकानदारानेही केवळ उंची विचारून मोठा जोड पुढे केला. सरावात ती वाकून उभी राहिली की दोन्ही पॅडची वरची टोके एकमेकांवर आपटत, खालची कड किकरवर, म्हणजे पावलावर चढवायच्या फोमच्या आवरणावर, दाबून त्याला आतल्या बाजूला फिरवत असे, आणि उजवीकडून येणारा साधा जमिनीलगतचा चेंडूही तिच्या पायाखालून निघून जाई. घरी आल्यावर तिच्या मांडीच्या आतल्या बाजूला पॅडच्या कडेने उमटलेले लाल ओरखडे पाहिले, तेव्हा कुठे मला दोष मुलीचा नसून मापाचा आहे हे कळले.

पॅडचे माप उंचीवरून ठरत नाही, गुडघ्यावरून ठरते, कारण सारख्याच उंचीच्या दोन मुलींच्या नडग्या सारख्या लांबीच्या असतीलच असे नाही. दुसऱ्या वेळी आम्ही किकर सोबत नेले, ते घालून तिला गोलमध्ये उभी राहते तशी गुडघे वाकवून उभे केले आणि तीन गोष्टी पाहिल्या. पॅडचा खालचा भाग किकरच्या वरच्या कडेवर नीट बसला पाहिजे, मध्ये नडगी उघडी पडता कामा नये. गुडघ्याची वाटी पॅडच्या वळणावरच आली पाहिजे. आणि वाटीच्या वर चार-पाच बोटे पॅड उरला पाहिजे, म्हणजे घसरून आडवे पडतानाही गुडघा झाकलेला राहतो. पॅड रुंद घेतल्याने गोल जास्त अडतो असे वाटणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की नियमानुसार पायावर चढवलेल्या पॅडची रुंदी ३०० मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. पट्ट्यांच्या क्लिप बाहेरच्या बाजूला याव्यात, नाहीतर धावताना त्या एकमेकींत अडकतात. पोटरीवरचा पट्टा घट्ट आणि गुडघ्याजवळचा किंचित सैल ठेवल्यावर तिला खाली बसणे सोपे झाले.

फोमच्या घनतेबाबत माझे मत स्पष्ट आहे. जास्त घनतेच्या फोमवर आदळलेला चेंडू जोराने दूर जातो, तर मऊ फोमवरचा पायाशीच पडतो आणि समोरची मुलगी तो पुन्हा मारते. हॉकीचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा आणि कडक असतो. मुरमावर तो खड्याला लागून अचानक उसळतो. म्हणून आम्ही मधल्या घनतेचा, वजनाला हलका जोड निवडला. चेंडू डीबाहेर, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाबाहेर, जातोच असे नाही, परंतु तिला पाय वेळेवर हलवता येतो आणि या वयात मला तेच अधिक मोलाचे वाटते.

झीज मात्र अपेक्षेपेक्षा लवकर झाली. दोन्ही पॅडच्या आतल्या खालच्या कडा मुरमाने खरवडून खडबडीत झाल्या आहेत आणि डाव्या पॅडच्या मधल्या पट्ट्याची शिवण एप्रिलमध्ये उसवली, ती चपला शिवणाऱ्या कारागिराकडून जाड दोऱ्याने घालून घेतली. सोलापूरच्या उन्हाळ्यात पॅड गाडीच्या डिकीत अजिबात ठेवू नयेत. एका दुपारी ते राहिले आणि उजव्या पॅडचे वरचे टोक बाहेरच्या बाजूला थोडे वळले, ते आजही तसेच आहे. सरावानंतर ओल्या फडक्याने घाम पुसून पॅड सावलीत, पंख्याखाली उभे ठेवले की वास धरत नाही.

जुलैमध्ये पुन्हा माप पाहिले, तेव्हा तिचा गुडघा पॅडच्या वळणापेक्षा एक बोट वर सरकला होता. तो दोन बोटे सरकला की नवा जोड घ्यायचा, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे. आणि या वेळी किकर, मोजपट्टी आणि मुलगी, तिघांनाही घेऊनच दुकानात जाणार आहे.