वेल्समधलं कॉटेज, कुत्र्याचं डिपॉझिट आणि आमचे ६९० पौंड

कुत्रा घेऊन सुट्टीला जाणाऱ्यांकडे पर्याय कमी असतात, हे भामट्यांना पक्कं ठाऊक आहे. त्यात दोघांपुरतंच घर, शेकोटी, हॉट टब आणि वर 'कुत्रा चालेल' हे सगळं एकाच ठिकाणी हवं असेल तर शोधता शोधता नाकी नऊ येतात. आमच्यासमोर नेमकं तसंच घर ठेवलं गेलं. इथे ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आणि भारतातून मुलांकडे येणाऱ्या मराठी मंडळींना उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहितेय.

२०२५ चा गुढीपाडवा ३० मार्चला, रविवारी आला. इथला मदर्स डेसुद्धा त्याच दिवशी, आणि आमच्या लग्नाचा वाढदिवस आदल्या दिवशी. आम्ही बर्मिंगहॅमला राहतो. आमच्याकडे पाणी येतं ते वेल्सच्या एलान खोऱ्यातल्या धरणांतून, ७३ मैल, पंपाशिवाय, नुसत्या उतारावरून. १९०४ साली सुरू झालेली ती दगडी धरणं बघायची नवऱ्याची फार जुनी इच्छा. (सिव्हिल इंजिनियर माणूस, त्यामुळे रोमँटिक म्हणजे धरणच.) आमच्या खंड्याला, म्हणजे कॉकर स्पॅनियलला, सांभाळणारं कुणी नव्हतं आणि धरणांजवळच्या रेयाडर गावाच्या आसपासची कुत्रा चालणारी घरं त्या वीकेंडला केव्हाच भरलेली.

कुत्रेवाल्यांच्या एका ऑनलाइन ग्रुपवर जाहिरात दिसली. पांढऱ्या भिंती, पाटीच्या दगडाचं छप्पर, लाकडाची शेगडी, मागे डोंगर. तीन रात्रींचे ५४० पौंड. 'स्वस्त दिसलं की संशय घ्या' असं सगळे सांगतात, पण हा भाव स्वस्त नव्हताच. आजूबाजूला तेवढेच पडतात. पुढचं बोलणं व्हॉट्सअॅपवर. स्वतःला मालकीण म्हणवणाऱ्या बाईने खंड्याचं नाव विचारलं, वय विचारलं, शेगडीच्या आवाजाला घाबरतो का विचारलं. स्वतःच्या म्हाताऱ्या लॅब्राडोरचा फोटोही पाठवला. आमच्या कुत्र्याची इतकी चौकशी सासरच्या कुणी कधी केली नाही.

बुकिंगच्या साइट कमिशन फार घेतात म्हणून पैसे थेट बँकेत पाठवा, असं तिचं म्हणणं. पैसे पाठवताना बँकेच्या अॅपने दाखवलं की खात्याचं नाव जुळत नाही. त्यावर तिचं उत्तर तयार होतं: बुकिंगचा हिशेब भाची बघते, खातं तिच्या नावावर आहे. पैसे पोचल्यावर दोन दिवसांनी दुसरा निरोप आला. कुत्र्याचं डिपॉझिट १५० पौंड, गालिचा स्वच्छ राहिला तर निघाल्यावर ४८ तासांत परत. खरी चलाखी इथे आहे. ५४० भरून बसलेला माणूस १५० साठी बुकिंग मोडत नाही, आणि परत मिळणारी रक्कम आपण खर्चात धरतच नाही. कुत्र्यासाठी रात्रीमागे किंवा मुक्कामामागे थोडं जादा भाडं बरीच खरी घरं घेतात. पण ते दर पत्रकात आधीच लिहिलेलं असतं, मागाहून उगवत नाही.

आणि एक वाक्य, जे आता वाचलं की डोकं फिरतं: "दार उघडा आणि सोडून द्या, डोंगरभर मोकळा पळेल." मार्चअखेर! वेल्सच्या डोंगरांत तेव्हा मेंढ्या वीत असतात. तिथल्या खुल्या डोंगराळ जमिनीवर १ मार्च ते ३१ जुलै कुत्रा दोन मीटरच्या आतल्या पट्ट्यावर हवा, आणि गुरं-मेंढ्या जवळ असतील तर वर्षभर. १९५३ च्या कायद्याप्रमाणे मेंढ्या असलेल्या कुरणात कुत्रा नुसता मोकळा फिरला तरी तो गुन्हा ठरू शकतो, आणि कळपामागे लागलेल्या कुत्र्याला शेतकऱ्याने ठराविक परिस्थितीत गोळी घातली तरी कायदा त्याच्या बाजूने उभा राहतो. त्या भागातला खरा घरमालक कुत्र्याचं नाव नंतर विचारतो, मेंढ्यांचं आधी सांगतो. या बाईने मेंढ्यांचा 'म' काढला नाही.

तिकडे एका पोस्टकोडमध्ये मैलभर पसरलेली चार-पाच शेतं येतात आणि ऐन वेळी फोनची रेंज जाते. तरी घर सापडलं. तेच घर, तेच दार. दारातून मात्र शेतकरीण आली ती वेगळीच. काखेत कोकरू, बोटं आयोडीनने तपकिरी झालेली. कोकराची नाळ त्यात बुडवतात, म्हणजे संसर्ग होत नाही. कोकराच्या कुशीवर निळ्या रंगाने १७ लिहिलेलं, आणि कुंपणापलीकडे त्याची आई ओरडत उभी, तिच्या अंगावरही १७. खंड्या गाडीतून भुंकायला लागला तशी बाई आधी त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "त्याला बाहेर काढू नका." मग आमच्या हातातला फोन पाहिला आणि त्यांच्या लक्षात आलं. फोटो त्यांच्याच वेबसाइटवरून उचललेले. त्या वर्षी त्यांच्या दारात असे आलेले आम्ही पहिले नव्हतो. आधी एक जोडपं व्हिपेट जातीचा कुत्रा घेऊन आलं होतं. लॅम्बिंगच्या, म्हणजे मेंढ्या विण्याच्या, दिवसांत त्या कुत्रेवाल्यांना घर देतच नाहीत. चिडल्या होत्या, पण आमच्यावर नाही. घरातल्या लँडलाइनवरून दोन-तीन फोन करून त्यांनीच आम्हाला गावातल्या एका पबवरची खोली मिळवून दिली. धरणं बघून झाली. श्रीखंडाचा डबा पबच्या फ्रिजमध्ये राहिला तो राहिलाच.

पैशांचं सांगते. पबच्या वायफायवरून त्याच संध्याकाळी १५९ ला फोन लावला. या नंबरवरून बहुतेक मोठ्या बँकांच्या फसवणूक विभागाशी थेट जोडून देतात. ७ ऑक्टोबर २०२४ पासून ब्रिटनमध्ये नियम आहे की फसवून स्वतःच्या हाताने करायला लावलेलं पेमेंट बँकेने परत करायचं, कमाल ८५,००० पौंडांपर्यंत. अर्धा भार आपल्या बँकेवर, अर्धा पैसे जिथे गेले त्या बँकेवर. बँक १०० पौंडांपर्यंत कापून घेऊ शकते, तेवढे आमचे कापले. ते नाव न जुळल्याचं प्रकरण त्यांनी खोदून खोदून विचारलं. भाचीवाला निरोप, जाहिरात, सगळ्याचे स्क्रीनशॉट होते म्हणून निभावलं. तेव्हा संशय येताच रागाच्या भरात चॅट डिलीट करू नका. समोरचा डिलीट करायच्या आत फोटो काढून ठेवा.

हा नियम ब्रिटनमधल्या खात्यातून ब्रिटनमधल्याच खात्यात गेलेल्या पैशांना लागू आहे. पुण्याहून आईबाबा "आमच्याकडून तुम्हाला भेट" म्हणून भारतातल्या खात्यातून थेट घरमालकाला पैसे पाठवणार असतील, तर त्यांना थांबवा. तिथे १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करता येते, पण पैसे देशाबाहेर गेले की ते परत मिळवणं फार अवघड. इथल्या क्रेडिट कार्डाने थेट घरमालकाला पैसे दिले आणि किंमत १०० पौंडांच्या वर, ३०,००० पर्यंत असली, तर १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याच्या कलम ७५ नुसार कार्ड कंपनीही जबाबदार असते. कार्ड घेतच नाही म्हणणाऱ्या घरमालकाशी मी आता पुढे बोलत नाही.

आता कुठलंही घर बघितलं की मी आधी फोटो उलटा शोधते, म्हणजे सर्चमध्ये फोटोच टाकून तो आणखी कुठे आहे ते बघते. तोच फोटो दुसऱ्या नावाच्या घराखाली दिसला तर विषय संपला. मग घराच्या स्वतःच्या वेबसाइटवरचा नंबर शोधून फोन करते, जाहिरातीतला नाही. आणि विचारते: बागेला कुंपण किती उंच, शेजारच्या कुरणात आत्ता काय आहे, कुत्र्याला एकटं ठेवलेलं चालतं का. खरा घरमालक यावर दहा मिनिटं बोलतो आणि त्यातली आठ तक्रारीची असतात.

ती जाहिरात ग्रुपवाल्यांनी काढली. आम्ही अॅक्शन फ्रॉडकडे, म्हणजे फसवणुकीच्या तक्रारींच्या तेव्हाच्या सेवेकडे, नोंद केली, शेतकरीणबाईंनीही केली. मे महिन्यात तीच शेगडी, तेच दार पुन्हा दिसलं, दुसऱ्या ग्रुपवर, पत्ता इंग्लंडमधल्या पीक डिस्ट्रिक्टचा. कुत्र्याचं डिपॉझिट आता २०० पौंड झालं होतं.